दुसऱ्या मास्तराची जागा

दादा,

तुझ्या सुतकाची रजा मागणारा अर्ज मला तुझ्याच कचेरीला, तुझ्याच हुद्द्याच्या नावे लिहावा लागला. "मे. शाळा तपासणीस साहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज करते की, घरी मयत झाल्याकारणाने तीन दिवसांची रजा मिळावी." कोण मयत ते लिहिलं नाही. लिहून कळवायचं कुणाला होतं, तुला?

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीनच दिवस. ते तीन दिवस शाळेला कुलूप होतं. एकशिक्षकी शाळेत मास्तरणीच्या घरी कोणी मेलं की शाळाही तेवढे दिवस मरते, हे मी तुला किती वेळा सांगितलं होतं. तू दरवेळी मान हलवायचास. शेवटी स्वतः जाऊन दाखवलंस, तेव्हा पटलं असेल.

मसुऱ्याच्या घरी माणसं येत होती, जात होती. जो तो येऊन वहिनीसमोर एकच बोलायचा. "धुतल्या तांदळासारखो माणूस. कोणाचो नारळ घेतल्यान नाय कदी." मी माजघरात बसून ऐकत होते. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मी स्वतः पाहिलंय की. मे महिन्यात बदल्यांचे दिवस आले की मास्तर लोकांची रांग तुझ्या पडवीत लागायची. कोणी फणस आणायचा, कोणी भाजलेल्या काजूंची पिशवी. भाच्याला बांद्याला टाका, पुतण्याला बांद्याला टाका. बांदा हमरस्त्यावर, शाळेच्या दारात मोटर थांबते. सगळ्यांना बांदाच हवं. तू प्रत्येकाचा फणस त्याच्याच डोक्यावर परत चढवायचास आणि पाणी पाजून वाटेला लावायचास. तेव्हा मला तुझा कोण अभिमान वाटायचा! तुझ्या त्या धुतलेपणाचं पाणी कुणाच्या दारात जाऊन साचलं, ते मात्र पडवीत आलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ते आमच्या वाडीत साचलं, दादा.

पण आधी जे तुझं आहे ते तुला देते. मी मास्तरीण झाले ती तुझ्यामुळे. बाबा वर्षातले सहा-सात महिने गलबतावर. घरी आले की माझ्या हातात पुस्तक बघून त्यांचं डोकं फिरायचं. "चेडवाक शिकवून काय करूचा आसा? चुलीकडे बसान मोडी लिवतली?" तू तेव्हा मिसरूड फुटलेला. बाबांपुढे उभं राहायची तुझी छाती नव्हती, तरी उभा राहिलास. "बाबा, तिचा डोक्यां माज्यापेक्षा बरा चलता," म्हणालास. बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली आणि मला शिकू दिलं. अंगणातल्या सारवणावर काडीने आकडे काढून तू मला त्रैराशिक शिकवलंस. फायनलच्या परीक्षेला मला घेऊन चालत निघालास, दिवसभर केंद्राबाहेर उन्हात बसून राहिलास, मधल्या सुट्टीत मला दोन केळी आणून दिलीस. तू काय खाल्लंस ते मी विचारलं नाही. आज आठवलं की गलबलून येतं. असा भाऊ कोणाला मिळतो?

पुढे मी या वाडीत लागले. तोंडवलीपासून वाळू तुडवत अर्धा तास, मग होडी. माझे यजमान मुंबईला गोदीत, सासर मागच्याच गावात, तेव्हा मला ही जागा सोयीची म्हणून दिली असं कागदावर. खरं म्हणजे दुसरं कोणी जात नव्हतं. मास्तर लोक या शाळेला काळं पाणी म्हणतात. माझ्या आधीचा मास्तर होडीतून उतरला, एक शहाळं प्याला, शाळेचं छप्पर बघितलं आणि परतीची होडी कधी ते विचारून त्याच होडीने गेला, असं वाडीतले लोक अजून हसत हसत सांगतात. मी राहिले. बिगरी, पहिली, दुसरी, तिसरी, चारही एका खोलीत. एकीकडे उजळणी म्हणून घ्यायची, तर दुसरीकडे कोणीतरी कोणाच्या पाटीवर थुंकलेलं असायचं.

आणि तू? तू तपासणीस झालास. वाडीच्या भाषेत डिपोटी. कुठल्या शाळेला किती मास्तर द्यायचे त्याची शिफारस तुझ्या हाती आली. मला वाटलं, आता सुटलं सगळं. सख्खा भाऊच तपासणीस! मी किती खुळी होते.

कायदा तुझ्यापेक्षा मीच जास्त घोकला असेल. शाळेत चौथीचा वर्ग उघडायचा तर दुसरा मास्तर हवा. दुसरा मास्तर हवा तर सरासरी हजेरी हवी. आणि तोवर चौथी हवी तर मुलांनी खाडी ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं. मुलगे जायचे, काही जण. मुलींना होडीतून कोणी पाठवत नसे. म्हणजे आमच्या वाडीतली एकही मुलगी तिसरीच्या पुढे जात नव्हती. इतकं साधं होतं सगळं. एक मास्तर आला, की सगळ्या मुलींना चौथी.

हजेरी का कमी ते तुला सांगायला नको, तूही याच किनाऱ्याचा. रापण लागली की वाडीत घरात कोण राहतो? किनाऱ्यावरून बांगड्याचा रंग दिसला की तांडेल आरोळी देतो, होडी जाळं टाकत अर्धा वेढा घेऊन येते आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढायला म्हातारे, बाया, पोरं, सगळे. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. पोराच्या हाताचाही अर्धा वाटा असतो. मी दारात उभी राहून हाका मारायची, तोवर शाळा रिकामी. तासाभराने अंगाला वाळू फासून सगळे परत. पण हजेरी घ्यायची वेळ ठरलेली, आणि तू मला हजेरीत खोटं लिहायला कधी शिकवलं नव्हतंस. तेव्हा मी गैरहजर म्हणजे गैरहजरच लिहायची. बाजारातल्या शाळांचे मास्तर काय लिहायचे ते देव जाणे.

तुझी ती पहिली तपासणी. मी आठवडाभर आधी घरोघर जाऊन सांगितलं होतं, त्या दिवशी पोरांना शाळेतून हलू द्यायचं नाही. सगळे कबूल. तांडेल तातू तर म्हणाला होता, "बाईनू, त्या दिसा आमी दर्यात जावचव नाय." पण दर्या तपासणी बघून मासळी पाठवत नाही. सकाळी मुलं तेल लावून बसलेली, आणि दहाच्या सुमारास आरोळी आली. मी दारात हात आडवे करून उभी राहिले. ती माझ्या काखेखालून निसटली.

आणि तू होडीतून उतरलास तो नेमका रापणीच्या तोंडाशी. शाळा गाठायची तर ती वाळूची पट्टी ओलांडूनच यायला हवं. मी शाळेच्या दारातून पाहत होते. तातूने तुला ओळखलं. "धरा सायबानू, दोरयेक हात लावा. नुसते बघतास काय?" तुझ्यातला मसुऱ्याचा पोरगा जागा झाला असावा. वहाणा काढल्यास, धोतर खोचलंस आणि पोरांच्या मध्ये उभा राहून दोरी धरलीस. वर विचारलंस, "हात लावलंय तर वाटो दितलात?"

"दोरयेक हात लागलो त्येचो वाटो. देव इलो तरी तोच कायदो," तातू म्हणाला आणि सगळी रांग हसली.

दादा, मी तुला इतकं मोकळं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, झालं, आता मास्तर मिळाला.

मासळी वाटून झाल्यावर तातूने माडाच्या हिराला ओवलेली बांगड्यांची माळ तुझ्यापुढे धरली. तेव्हा तू भानावर आलास. "नको रे. मी सरकारी माणूस." तातूचा चेहराच पडला. "रापणीचो वाटो नाकारूचो नाय, सायबानू. दर्या रागावता." तुझ्यामागे कचेरीचा शिपाई उभा होता, तुझं दप्तर धरून. तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि माळ घेतलीस. आयुष्यात कुणाचा नारळ न घेतलेल्या माणसाने घेतलेली ती एकच वस्तू. आणि ती लाच नव्हती, दादा. ती तुझ्या हाताची मजुरी होती.

मग शाळेत आलास. खुर्चीवर बसताच बदललास. "बाई, पट दाखवा." मला बाई! मीही पदर सावरून "हो साहेब" म्हटलं. मुलं ओली, वाळूने भरलेली, पण एकूण एक हजर. तू स्वतः मोजलीस. तिसरीतल्या रखमाला धडा वाचायला लावलास. तिने न अडखळता वाचला. तू खूश झालास, विचारलंस, "चौथीत जाणार ना?"

"हयसर चवथी नाय, सायबानू."

"मग पलीकडे जा."

"होडयेत चेडवांक धाडनत नाय," रखमा म्हणाली. बाजार सांगावा तसं सांगितलं तिने, तक्रार म्हणून नाही. तू बराच वेळ पट चाळत राहिलास. जाताना होडीपाशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणालास, "सुमा, जमतला ह्या खेपेक." मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

मग तुझ्याविरुद्ध वर निनावी अर्ज गेला. तो कोणी केला ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. ज्याला तू बांद्याला टाकलं नाहीस, तो. त्याचं नाव आता घेत नाही, त्याचीही मुलंबाळं आहेत. तपासणीस साहेब सख्ख्या बहिणीच्या शाळेतून माशांच्या माळा घेऊन तिथे जादा मास्तर देत आहेत, असा मजकूर. वरून तुझ्याकडे खुलासा मागितला. तू घाबरलास. आणि धुतलेला माणूस घाबरला की काय करतो ते मला तेव्हा कळलं.

तुझ्या अहवालाची नक्कल मला टपालाने आली. अजून पाठ आहे. "भेटीचे वेळी बहुसंख्य विद्यार्थी शाळेत नसून मासेमारीचे ठिकाणी आढळून आले. सबब सदर शाळेस तूर्त दुसऱ्या शिक्षकाची आवश्यकता दिसून येत नाही." एक अक्षर खोटं नाही. तेच तर! ती जागा बाजारातल्या एका शाळेला गेली. तिथे तीन मास्तर आधीच एकमेकांना पान जुळवून देत बसायचे. आता चौथा आला, चुना लावायला.

पुढल्या रविवारी मी तुझ्या बिऱ्हाडी आले. तू पंचा गुंडाळून झोपाळ्यावर बसला होतास. मी कागद तुझ्यापुढे टाकला.

"ह्या तू लिवलंस?"

"खोटा काय आसा त्येत?"

"दोरयेक तुजो पण हात होतो. तां खंय लिवलंस?"

तू झोपाळा थांबवलास. "सुमा, माजी नोकरी गेली आसती गो."

"आनि त्या चेडवांची चवथी गेली ती?"

वहिनी चहाचे कप घेऊन दारातच थांबली. तू उठलास, खुंटीवरचा सदरा घातलास, आणि सदरा घातल्यावर म्हणालास, "बाई, त्या बाबतीत निर्णय झालेला आहे." घरात, दादा. वहिनीसमोर. आपण दोघांनी एका ताटात पेज खाल्ली, आणि तू मला घरात बाई म्हणालास. मी चहा न पिता निघाले. त्या दिवसाचं भांडण आपलं संपलंच नाही. आता ते माझ्या एकटीकडे राहिलं आहे.

तातूला मी खरं ते सांगितलं. त्याला पटेना. "वाटो घेतल्यान मां? मगे?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याच्या लेखी ज्याने रापणीचा वाटा घेतला तो रापणीचा माणूस झाला, आणि रापणीचा माणूस रापणीच्या उलट लिहीत नाही. बराच विचार करून त्याने आपणच तोड काढली. "कागद बदलले आसतले, बाईनू. कचेरयेत कागद बदलतत." आणि तुझा राग धरायचं सोडून त्याने काय केलं असेल? दर हंगामाच्या पहिल्या रापणीला तो एक माळ माझ्या दारात आणून देऊ लागला. "ह्यो सायबाचो वाटो. पोचवा." तुला आठवण राहावी म्हणून. ही गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. पहिली दोन वर्षं तुझा वाटा मीच खाल्ला, घशाखाली उतरत नसतानाही. तिसऱ्या वर्षी सांगून टाकलं की साहेबांनी तुळशीची माळ घेतली, मासळी सोडली. तातू हळहळला. "अरेरे, येवढो बरो खाणारो माणूस!" तशी ती थाप अर्धी खरीच होती. त्यानंतर तू किनाऱ्यावरच्या गावी फिरतीला गेलास की डब्यात पोळी-भाजी बांधून न्यायचास आणि कोणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचा नाहीस, असं ऐकत होते.

वाडीने देवालाही साकडं घातलं. देवळातल्या वार्षिकाच्या गाऱ्हाण्यात, रोगराई टळू दे, होड्या सुखरूप येऊ दे, यांच्या रांगेत गावकराने तेही मागितलं. "आमच्या शाळेक दुसरो मास्तर गावांदे रे म्हाराजा!" आणि सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी बायकांत उभी होते. देवाकडे ती फाइलच नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

भाऊबीजेला मात्र मी जात राहिले. एका वर्षी ताट धरून म्हटलं, "लुगडा नको. ववाळणीत मास्तर घाल." वहिनी हसली. तू हसला नाहीस. ताटात लुगडं ठेवलंस आणि उठून गेलास. त्याच्या पुढल्या वर्षी मी तुला बाहेर पडवीत गाठलं. "मगे माका थंयसून काढ. मी नसलंय तर दितलंस मां तेंका मास्तर?"

तू किती थकलेल्या डोळ्यांनी बघितलंस माझ्याकडे. "तुज्या जागेर जातलो कोन? जंय येक जाना नाय, थंय दोन खंयसून आणू?"

हेही खरंच होतं. तुझं प्रत्येक बोलणं खरं असायचं, म्हणूनच तुझ्याशी भांडून मी कधी जिंकले नाही. पण त्या दिवशी होडीतून परत येताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख प्रकाश पडला. इथे माझ्याऐवजी कोणी परकी बाई असती, तर तू दुसऱ्याच वर्षी मास्तर दिला असतास. कोणी काही म्हटलं नसतं. वाडीच्या आड कायदा येत नव्हता, हजेरीही येत नव्हती. मी येत होते. तुझी बहीण म्हणून मी त्या शाळेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसले होते, आणि उठावं तर शाळेला कुलूप. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा घेतला तर सांगायचं कुणाला?

स्कूल बोर्ड गेलं, जिल्हा परिषद आली. कचेरीवरची पाटी बदलली, आतली कपाटं तीच. बदल्यांसाठी माणसं आता तुझ्याऐवजी सभासदांच्या घरी जाऊ लागली आणि सभासदांच्या चिठ्ठ्या तुझ्या टेबलावर येऊ लागल्या. त्याही तू फाडायचास म्हणे. वरचे नाराज, खालचे नाराज. तुला रक्तदाब जडला. मला तुझी काळजी वाटायची आणि त्याच वेळी वाटायचं, एवढी हिंमत होती तर त्यातली चिमूटभर आमच्यासाठी का नाही काढलीस? बहिणीचा आणि तुझा काही संबंध नाही हे तू इतक्या वेळा सिद्ध केलंस, एकदा तरी शाळेचा आणि बहिणीचा संबंध नाही असं धरून बघायचंस.

रखमा तिसरीनंतर टोपली घेऊन बाजारात बसू लागली. पंधराव्या वर्षी लग्न झालं. वाडीतच दिली. तिची थोरली येत्या जूनला बिगरीत येणार आहे. मला परवा म्हणाली, "बाई, माका पुरा वाचूक येता अजून. मीठ बांधून इलेलो कागद मी वाचतंय." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

चतुर्थीला आपण शेवटचे भेटलो. तू गणपतीसमोर भिंतीला टेकून बसला होतास, पाय सुजलेले. आरती झाल्यावर हळू आवाजात विचारलंस, "पट कितको आसा गो यंदा?" इतक्या वर्षांनी आपणहून विचारलंस. आणि मी काय म्हटलं? "तुका कित्याक व्हयो?" असं म्हणून मोदकाचं ताट उचलून आत गेले. तुला काय करायचं होतं, दादा? नुसतं विचारायचं होतं, की या खेपेला खरंच काही मनात होतं? हा प्रश्न आता मी आयुष्यभर चघळणार. त्या वेळी ताट खाली ठेवून तुझ्याजवळ बसले असते तर काय बिघडलं असतं माझं?

आता जे सांगायला बसले ते सांगते.

तुझ्या जागी नवे साहेब आले. घाटावरचे, वय तिशीच्या आत. चार्ज घेऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच आमच्या होडीतून उतरले. बरोबर तुझाच जुना शिपाई. त्या दिवशी रापण नव्हती, सगळी मुलं जागेवर होती. त्यांनी मोजली, दोन-तिघांना वाचायला लावलं, छपराकडे बघितलं, आणि दप्तरातून आमच्या शाळेची फाइल काढली.

"बाई, दर वर्षाचा तुमचा अर्ज यात आहे. प्रत्येकावर 'पुढील वर्षी विचार व्हावा' एवढाच शेरा. कारण कुठेच लिहिलेलं नाही. बाजारच्या शाळेत एक शिक्षक सरळ सरळ जादा आहे. मग इतकी वर्षं अडचण काय होती?"

माझ्या ओठावर आलं होतं. सांगावं की साहेब, माणूस वाईट नव्हता. त्याने मला काडीने आकडे शिकवले. पण त्यांनी पेन उघडून हातात धरलं होतं. भावा-बहिणीची भानगड आहे म्हटल्यावर तो हात थबकेल, जुनी कागदपत्रं मागवतील, निनावी अर्ज निघेल, पुन्हा पुढील वर्षी विचार व्हावा. म्हणून म्हटलं, "काही नाही साहेब. वाडी लांब पडते."

त्यांनी फाइल पुन्हा चाळली. "आधीच्या साहेबांशी तुमचं काही वाकडं होतं का? की काही ओळख, नातं? असेल तर आताच सांगा, मागाहून मला त्रास नको."

शिपाई दारात उभा होता. त्याला सगळं ठाऊक. तो तोंड फिरवून समुद्राकडे बघू लागला.

"नाही साहेब," मी म्हटलं. "वर्षातून एकदा तपासणीला यायचे. तेवढंच."

त्यांनी गुडघ्यावर फाइल ठेवून तिथल्या तिथे सही केली.

सोमवारी दुसरा मास्तर हजर होतोय. जूनपासून चौथी बसेल, आणि यंदा तिसरीत असलेल्या सगळ्या मुली चौथीत बसतील. सही झाली तेव्हा मला इतका आनंद झाला, दादा, की तू गेलास ते बरंच झालं असं माझ्या मनात येऊन गेलं. हे मी कोणाला सांगू? वहिनीला सांगता येत नाही, यजमानांना सांगता येत नाही. असलं काही मनात आलं की मी लहानपणापासून तुलाच सांगत आले.